लंगोट मोजा, बाईला नको

वस्तीत ओल्या बाळंतिणीला भेटायला गेले की पहिलं वाक्य कानावर येतं ते सासूचं नाहीतर शेजारणीचं : 'हिला दूधच नाही.' बाळ रडलं, दूध नाही. बाळ सारखं पितं, दूध नाही. छाती मऊ लागते, तर नाहीच नाही! मग वरचं दूध सुरू होतं. बाळ अंगावर कमी ओढतं, म्हणून दूध खरोखरच कमी होतं. 'आम्ही म्हणत नव्हतो?' हे ऐकायलाही तीच.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली. तरी माझ्या बाळंतपणात तिसऱ्या रात्री मीही रडत पावडरचा डबा मागवला. नवजात बाळाचं वजन सुरुवातीला थोडं उतरतंच आणि १० ते १४ दिवसांत भरून येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, दूध पुरतं का, हे बाळ सांगतं. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा प्यायला हवं. पिताना गिळल्याचा आवाज यावा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान सहा लंगोट ओले व्हावेत. काळी शी जाऊन पिवळी, पातळ शी व्हावी. मग दररोज साधारण २० ते ३० ग्रॅम वजन वाढावं. उलट बाळ सुस्त असेल, प्यायला उठत नसेल, लघवी कमी असेल, १४ दिवसांनीही जन्माचं वजन गाठलं नसेल, तर घरी वाद घालत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. काही जणींना दूध खरंच कमी येतं. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध द्यावं, त्यात कसला अपराध?

पण हा प्रश्न फक्त माहितीचा नाही. डब्याची जाहिरात आणि फुकट नमुने यांना १९९२च्या कायद्याने बंदी आहे. 'हिला दूध नाही' या घरच्या जाहिरातीला कुठला कायदा रोखणार? घरी येऊन बाळाचं वजन करणारी आशाताई महत्त्वाची आहे. नवजात बाळाच्या घरच्या काळजीचा हा विचार गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने उभा केला आणि २०११ पासून तो देशभराच्या सरकारी कार्यक्रमात आला. पण वजनकाटा घरात आला तरी बाळंतिणीला पोटभर जेवण, झोप आणि रजा कोण देणार? २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याच्या पुस्तकात आहे. धुणीभांडी करणारी, शेतावर मजुरीला जाणारी, तिच्यापर्यंत ती पोचतच नाही. महिन्याभरात ती कामावर असते आणि बाळ थोरल्या बहिणीच्या कडेवर.

आपल्या गटांनी दोन कामं करावीत. बाळंतिणीच्या घरी गेल्यावर 'दूध येतं का?' असं विचारू नये; 'आज किती लंगोट ओले झाले? आणि तू जेवलीस का?' असं विचारावं. दुसरा प्रश्न सासू आणि नवरा दोघांच्या समोर, मोठ्याने.