घराला रंग दिवाळीला की यात्रेला?

म्हसा परिसरात बहुतेक घरांचे रंगकाम दिवाळीआधी उरकतात. खरे तर इथल्या भिंतींना पौष पौर्णिमेच्या म्हसोबाच्या यात्रेचा मुहूर्त जास्त मानवेल. मुरबाडचा पाऊस सिमेंटच्या भिंतीत मुरतो, तो दिवाळीपर्यंत पुरता सुटत नाही. त्यावर चकचकीत ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात आणि साहित्य, मजुरी दोन्ही वाया. जुना चुना निदान ओल बाहेर जाऊ देई.

भिंत सुकली का, हे दुकानदाराला विचारू नका. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवा. आतून थेंब दिसले तर थांबा.

छटा नंतर. मोबाइलवर आवडलेला रंग अंधाऱ्या माजघरात वेगळाच दिसतो. हातभर पट्टा लावून दिवसा आणि रात्री दिव्याखाली पाहावा. खाली गेरू, वर पांढरा ही जुनी पद्धत काही अडाणी नव्हती: उजेड मिळे, मुलांचे हातही खपत.

मुलांवरून आठवले, घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा ऑइलपेंट कोरडा घासू नये. पाणी मारून घासावा, तोवर मुलांना शेजारी पाठवावे.