लाज कोणाची?

१९९४ साली जळगावात छायाचित्रांचा धाक घालून मुलींचे शोषण झाल्याचे उघड झाले, तेव्हा बदनामीच्या भयाने अनेकींची तोंडे बंद राहिली. आज तेच हत्यार मोबाइलच्या रूपाने नवी मुंबईच्या घराघरांत पोहोचले आहे. भयही तेच आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पीडितांची ओळख गुप्त राखण्याचे बंधन घातले, २०२० च्या नियमांनी बाल कल्याण समितीमार्फत साहाय्यक व्यक्तीची तरतूद केली. पण तुर्भ्याच्या वस्तीतील मुलीला हे सांगणार कोण? तिची शाळा बंद करणे म्हणजे गुन्हेगाराची शिक्षा तिला देणे होय. कार्यकर्त्यांनी १०९८ हा क्रमांक वस्तीवस्तीत पोहोचवावा, धमकीचे संदेश पुसू देऊ नयेत, तक्रारीला तिच्यासोबत जावे. लाज गुन्हेगाराने बाळगावी, मुलीने नव्हे.