सिस्टर खेकसते तेव्हा

बीड जिल्ह्यातल्या बैठकांत सरकारी दवाखान्याचा विषय निघाला की पहिली तक्रार डॉक्टरची नसते, सिस्टरची असते. "लई खेकसती बाई." ऊसतोडीहून अंगावर दुखणं काढून परतलेल्या बायका हे सांगतात, तेव्हा ते खोटं नसतं. तरी तक्रार अर्ज लिहायला घेण्याआधी मी विचारते, त्या पाळीला वॉर्डात सिस्टर किती होत्या? उत्तर बहुतेक वेळा एकच: "ती एकलीच."

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्याकडे अंबाजोगाईला, सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. सरकारी वॉर्डात पेशंटजवळ रात्र काढलेली कुणीही बाई हा आकडा ऐकून हसेल. सलाईन, इंजेक्शनं, नोंदवह्या, नातेवाइकांची गर्दी, सगळं एकीच्या अंगावर. सकाळी घरी पोचली की चूल. रात्रपाळीहून आलेल्या सुनेला "तिकडं झोपच काढली असशील" म्हणणारी घरं मी पाहिली आहेत.

खासगीत तर कागदच नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ साली शिफारस केली, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत. आपल्या तालुक्यांतली बहुतेक इस्पितळं याच मापाची. पण नियुक्तीपत्रच हातात नसेल तर ही शिफारस दाखवायची कुणाला? सरकारी नोकरीतही ठेकेदारी शिरू लागली, म्हणून मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या. स्त्री-संघटनांनी हा संप आपला मानायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

केईएममधल्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ला हल्ला झाला, तो रुग्णालयाच्या तळघरात, ड्यूटी संपवून कपडे बदलायला गेल्या असताना. त्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला, कामाची परिस्थिती सुधारा म्हणून. २०१५ साली अरुणा गेल्या. तोवर बेचाळीस वर्षं त्यांना सांभाळलं ते परिचारिकांनीच. त्या सेवेचं कौतुक खूप झालं. दर १२ मेला आताही गुलाबाचं फूल मिळतं. कपडे बदलण्याच्या खोलीला आतून कडी आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही.

आपल्यापैकी ज्या रुग्ण कल्याण समितीवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत औषधांच्या यादीबरोबर पाळीपत्रकही मागावं. रात्री वॉर्डात किती जणी, त्यांचा संडास कुठे, खोली कुठे, आणि रजेवर गेलेल्या सिस्टरच्या जागी कोण, हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे.