पदवीच्या आधी एक पायरी

‘मुलाला कॉम्प्युटर सायन्सला घालायचे आहे, शैक्षणिक कर्ज किती मिळेल?’ दहावी-बारावीचे निकाल लागले की बँकांच्या शाखांमधून हा प्रश्न हमखास ऐकू येतो. प्रश्न रास्तच आहे. मात्र त्याच्या आधी विचारला जावा असा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ‘या मुलाने आजवर स्वतःच्या हाताने एखादी लहानशी आज्ञावली लिहिली आहे का? लिहिली असल्यास ती लिहिताना त्याला गोडी वाटली का?’ लाखो रुपयांचा आणि आयुष्यातील चार वर्षांचा निर्णय या उत्तराशिवाय घेतला जातो, हे मला चिंताजनक वाटते. संगणकाच्या पदवीसाठी मोठे कर्ज काढण्यापूर्वी विद्यार्थ्याने प्रोग्रामिंगचा एक प्राथमिक, अल्पखर्चाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा आणि शक्य असल्यास घरातील एखाद्या वडीलधाऱ्यानेही तो त्याच्यासोबत करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा विचार भिलाईतील कोहका परिसराकडे पाहताना अधिक ठळक होतो. भिलाईला देशाच्या नकाशावर आणले ते पोलाद कारखान्याने. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे आली. नागपूर-विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. वडील कारखान्यात, क्वार्टर सेक्टरमध्ये आणि पुढे मुलगाही कारखान्यात, असा एका पिढीचा हिशेब होता. आज कारखाना उभा आहे आणि रेल्वेचे रूळ आजही येथे घडतात. पण कायम नोकऱ्यांची ती जुनी रेलचेल उरलेली नाही. मुलांसाठी दुसरी वाट शोधणे आले. कोहका-कुरुद रस्त्यावर अभियांत्रिकी शिक्षण आले, २००५ मध्ये छत्तीसगडचे तंत्रविद्यापीठ भिलाईत स्थापन झाले आणि २०१६ पासून ‘आयआयटी भिलाई’ सुरू झाली. तिचा दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथील परिसर फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. म्हणजे ज्ञानाचे मोठे दरवाजे हाकेच्या अंतरावर आहेत. परंतु मोठ्या दरवाजातून सर्वांनाच आत जाता येत नाही, आणि आत गेलेल्या प्रत्येकाला ते घर मानवतेच असेही नाही. त्यासाठी उंबरठ्यावर थोडे थांबून आत डोकावण्याची सोय हवी.

उंबरठ्यावरचे शिक्षण

अमेरिकेत ही सोय ‘कम्युनिटी कॉलेज’ या नावाने शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली अशा प्रकारचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले. जवळच्या वस्तीतील कोणीही, कोणत्याही वयात, कमी शुल्कात यावे, एखादाच विषय घ्यावा, जमला तर पुढे विद्यापीठात जावे, न जमल्यास फारसे नुकसान न होता दुसरी वाट धरावी, अशी ही व्यवस्था. तेथील प्रोग्रामिंगच्या पहिल्या वर्गात अठरा वर्षांचा विद्यार्थी आणि पन्नाशीचा कामगार एकाच बाकावर बसलेले दिसणे हे नवलाचे मानले जात नाही. आपल्याकडे पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये या कल्पनेला सुरुवात केली आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास तिच्यासाठी योजना आखली. तथापि ती गावोगावी रुजली असे म्हणता येणार नाही.

म्हणून आपल्याकडे सोयच नाही, असे मात्र समजू नये. ती निरनिराळ्या नावांनी विखुरलेली आहे. पूर्वी ‘डोएक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०११ पासून ‘नायलिट’ झालेल्या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘ओ’ लेव्हल अभ्यासक्रम आहे. त्यात आता पायथन या भाषेतून प्रोग्रामिंग शिकवले जाते. आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा एक वर्षाचा व्यवसाय-अभ्यासक्रम आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचावर आयआयटी व अन्य नामवंत संस्थांच्या प्राध्यापकांची प्रोग्रामिंगवरील व्याख्याने विनामूल्य पाहता येतात; प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यावयाची असेल तरच शुल्क भरावे लागते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ उपक्रमात तर सी, जावा, पायथन यांसारख्या विषयांवरचे धडे मराठीतूनही ऐकावयास मिळतात.

येथे एक गल्लत टाळावयास हवी. महाराष्ट्रात २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’ने लाखो लोकांच्या मनातील माऊसची आणि की-बोर्डची भीती घालवली, हे मोठेच कार्य झाले. पण संगणक वापरणे आणि संगणकाला आज्ञा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत दुसऱ्याने केलेली योजना आपण चालवतो. दुसरीत योजना आपणच करतो.

काउंटरवरचे प्रोग्रामिंग

बँकेच्या कर्मचाऱ्याला ही योजना नवी नाही; केवळ तिचे नाव त्याला परके वाटते. काउंटरवर धनादेश आला की अनुभवी लिपिक काय करतो? तारीख पाहतो, ती पुढची आहे काय, किंवा तीन महिन्यांहून जुनी आहे काय? अक्षरी आणि अंकी रक्कम जुळते काय? सही नमुन्याप्रमाणे आहे काय? खातेदाराने पैसे देणे थांबविण्याची सूचना दिलेली आहे काय? खात्यात शिल्लक आहे काय? प्रत्येक ठिकाणी ‘असेल तर’ आणि ‘नसेल तर’ असे दोन रस्ते फुटतात आणि प्रत्येक रस्त्याच्या शेवटी ठरलेली कृती असते. हेच काम यंत्राला समजेल अशा काटेकोर भाषेत, एकही पायरी न गाळता लिहून देणे म्हणजे प्रोग्रामिंग. फरक एवढाच, की लिपिक समजुतीने गाळलेल्या जागा भरून काढतो, यंत्र तसे करीत नाही. २०१२ साली धनादेशाची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. माणसाला ते परिपत्रकाने कळले. यंत्राला कळण्यासाठी मात्र कोणीतरी त्याच्या सूचनांतील सहाचा आकडा शोधून तेथे तीन करावा लागला.

प्राथमिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या काही आठवड्यांत किती पल्ला गाठता येतो, याचे उदाहरण शैक्षणिक कर्जाचेच घेऊ. समजा, दरवर्षाच्या प्रारंभी एक लाख याप्रमाणे चार वर्षांत चार लाख रुपये उचलले. शिक्षणकाळ आणि त्यानंतरचे एक वर्ष परतफेडीची सवलत आहे आणि या काळात दरसाल दर शेकडा दहा या दराने सरळ व्याज आकारले जाते, असे धरू. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे व्याज. एकूण एक लाख चाळीस हजार! पहिला हप्ता भरण्याचा दिवस उजाडतो तेव्हा चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार झालेले असतात. व्याज-अनुदानास पात्र असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. इतरांना सवलत परतफेडीची असते, व्याजाची नसते. ही आकडेमोड करणारी आज्ञावली आठ-दहा ओळींची असते. ती ज्या मुलाने स्वतः लिहिली, दर बदलून, मुदत बदलून चालवून पाहिली, त्याला कर्ज म्हणजे काय हे माहितीपत्रक वाचणाऱ्यापेक्षा अधिक खोलवर कळते. आपण ज्या शिक्षणासाठी कर्ज घेत आहोत, त्याच शिक्षणाच्या पहिल्या धड्याने त्या कर्जाचे मोजमाप करावे, यापरते उचित काय असेल?

याच वर्गात त्याला एक विलक्षण गोष्टही दिसेल. संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करावयास सांगितली, तर पायथनसारखी भाषा ०.३ वर थांबत नाही; दशांश चिन्हानंतर सतराव्या स्थानी एक चार हळूच डोकावतो. यंत्र बिघडलेले नसते. एक तृतीयांश हा अपूर्णांक आपल्याला दशांशात जसा पूर्ण लिहिता येत नाही, तसा एक दशांश हा यंत्राला त्याच्या शून्य-एकच्या पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही. म्हणूनच पैशांचे हिशेब करणाऱ्या प्रणाली रुपयांऐवजी पूर्ण पैशांत मोजतात किंवा खास दशमान पद्धतीचा अवलंब करतात. भिलाईची पहिली भट्टी पेटली त्याच १९५९ सालात आखणी सुरू झालेली ‘कोबोल’ ही भाषा जगातील बँकांमध्ये इतकी दशके टिकली, त्यामागे पैशापैशाचा चोख हिशेब हे एक मोठे कारण आहे. पासबुकातील शिल्लक पैशासह का जुळते, याचे उत्तर ग्राहकाला मिळणे हेही शिक्षणाचेच एक फलित.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आजच्या काळाचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आले आणि आता यंत्रच आज्ञावली लिहून देते. मग माणसाने कशासाठी शिकावे? बँकेत काम करणाऱ्याला याचे उत्तर ‘मेकर-चेकर’ या दोन शब्दांत देता येईल. नोंद करणारा एक आणि तपासून मंजुरी देणारा दुसरा, या नियमावर आपला सारा व्यवहार उभा आहे. यंत्र लिहिणारे झाले, तरी तपासणारा माणूसच राहणार. आणि ज्याला व्हाउचर वाचताच येत नाही त्याने त्यावर सही करणे किती धोक्याचे, हे सांगावयास नको. यंत्राने लिहिलेली आज्ञावली पुष्कळदा बरोबर असते आणि कधी कधी अतिशय आत्मविश्वासाने चुकीची असते. हा फरक ओळखण्यापुरते ज्ञान तरी आपल्यापाशी असावे. किंबहुना नुसते टंकन करणाऱ्या प्रोग्रामरची गरज कमी होण्याची चिन्हे असताना, विचार न करता केवळ नोकरीच्या आशेने या पदवीकडे धावणे अधिकच धोक्याचे झाले आहे.

आपल्या बँकिंग क्षेत्राने असा संक्रमणकाळ पाहिलेला आहे. १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाविषयी कर्मचारी संघटनांशी करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, १९८९ मध्ये दुसरा. लेजरचे जाडजूड खंड जाऊन खतावणीची यंत्रे आली, पुढे कोअर बँकिंग आले. त्या काळातील नोकरीची भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. कामाचे स्वरूप खरोखरच बदलले. परंतु ज्यांनी नवे तंत्र समजून घेतले ते त्या बदलाचे भागीदार झाले, आणि ज्यांनी केवळ बटणे पाठ केली त्यांना प्रत्येक नव्या पडद्यापुढे पुन्हा परावलंबी व्हावे लागले.

दुसरा आक्षेप असा, की प्रोग्रामिंग सर्वांनाच जमत नाही. हे अगदी खरे आहे, आणि माझ्या सूचनेचा आधारच तो आहे. चार महिने मनापासून प्रयत्न करून ‘हे माझे क्षेत्र नव्हे’ असे एखाद्या मुलीला उमगले, तर तो पराभव नव्हे. तिने स्वतःची चार वर्षे आणि कुटुंबाचे काही लाख रुपये वाचवले. उलट हिंदी माध्यमातून शिकलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या एखाद्या मुलाला आपण याच कामासाठी घडलो आहोत असा साक्षात्कार होऊ शकतो. त्यासाठी पहिला धडा त्याच्या भाषेत मिळावा. याच छत्तीसगडच्या भूमीत माधवराव सप्रे या मराठीभाषक संपादकाने १९०० साली पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक चालविले आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. लोकांच्या भाषेत नेल्याने ज्ञान पातळ होत नाही, हा त्यांच्या कार्याचा धडा संगणकालाही लागू आहे.

निवड करताना

अभ्यासक्रम निवडताना मात्र सावध असावे. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असे लिहिलेली जाहिरात दिसली की तेथे अधिक प्रश्न विचारावेत. प्रमाणपत्र कोणाचे, शुल्क टप्प्याटप्प्याने भरता येते काय, मध्येच सोडल्यास परत किती मिळते, हे लेखी घ्यावे. प्राथमिक अभ्यासक्रमासाठी कर्ज मुळीच काढू नये. संस्थेच्या टेबलावरच ‘सुलभ हप्त्यांचा’ कागद पुढे आला, तर तो कर्जाचा करार नाही ना, हे घरी नेऊन वाचावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विद्यार्थी दररोज स्वतः किती ओळी लिहितो, हे विचारावे. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसे प्रोग्रामिंग नुसते पाहून येत नाही. त्यासाठी मोबाइल अपुरा आहे; पण नवाकोरा महागडा लॅपटॉपही नको, जुना चालता संगणक पुरेसा आहे. पायथन ही भाषा विनामूल्य उपलब्ध आहे.

शाखांनीही येथे थोडा पुढाकार घ्यावा. शैक्षणिक कर्जाच्या चौकशीला आलेल्या कुटुंबाला कागदपत्रांच्या यादीबरोबरच या विनामूल्य अभ्यासक्रमांची यादी दिली, तर त्यात बँकेचे काही जात नाही. आवड पारखून शिकलेला विद्यार्थी हा कर्जाची वेळेवर फेड करणारा ग्राहक होण्याची शक्यताही अधिक. आणि ज्या कर्मचारी बंधुभगिनींच्या निवृत्तीला अजून दहा-वीस वर्षे आहेत, त्यांनी मुलांसोबत हा धडा गिरवून पाहावा. वडिलांनी घरी बसून मुलाकडून एखादी गोष्ट शिकण्यात कमीपणा नाही. उलट त्या निमित्ताने मुलाच्या शिक्षणात नेमके काय आहे, हे त्यांना प्रथमच कळेल.

पुढील जून-जुलैत कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वीचे काही महिने आपल्या हातात आहेत. कोहक्यातील असो वा कोल्हापुरातील, प्रत्येक पालकाने ते या एका पायरीसाठी द्यावेत. पदवी मोठी आहे, कर्जही मोठे आहे. त्यामानाने ही पायरी फारच लहान आणि स्वस्त आहे.