वेदी एक, पंगती अनेक

‘ख्रिस्ती धर्मात जात नाही,’ हे वाक्य दोन गोटांतून ऐकू येते. दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातींच्या सवलती नाकारणारे ते सांगतात आणि आपल्यातील जातिभेद झाकणारेही तेच सांगतात. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाची कक्षा १९५६ साली शिखांपर्यंत व १९९० साली बौद्धांपर्यंत वाढली. दलित ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहेत. या अन्यायाविरुद्ध ख्रिस्तसभेने लढावे, यात दुमत नाही. परंतु तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती दफनभूमीत मृत दलितांनाही वेगळे ठेवणारी भिंत कोणत्या सरकारने बांधली? आपल्या वसईत सोयरीक जुळवताना कुपारी, वाडवळ की कोळी, ही चौकशी कोणता कायदा करायला लावतो?

भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ साली जातिभेदाला सामाजिक पाप म्हटले. पाप म्हटले की प्रायश्चित्तही आले. वेदीपाशी एकाच भाकरीचे वाटेकरी असलेले लग्नाच्या मांडवात परके ठरत असतील, तर आपले ईशज्ञान पोथीपुरतेच उरले, असे आम्ही म्हणू. प्रवचनांतून व विवाहपूर्व शिबिरांतून धर्मगुरूंनी हा विषय उघडपणे मांडावा. दिल्लीला धाडायच्या निवेदनांना नैतिक बळ तेथूनच येईल.