मत टाकावे की घरी बसावे?

निवडणूक जवळ आली की पारावर एक वाक्य हमखास कानी पडते. "मत देऊन काय व्हायचंय? कुणीबी निवडून येऊ द्या, आपला रस्ता हाय तसाच!" बोलणारा माणूस खोटे बोलत नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे लागते, त्याने हे अनुभवलेले असते. तेव्हा त्याला 'लोकशाहीचे पवित्र कर्तव्य' वगैरे सांगून उपयोग नाही. हिशेबच मांडून बघू या.

पहिली गोष्ट बहिष्काराची. रस्ता नाही, पूल नाही, पाणी नाही म्हणून गावेच्या गावे मतदानावर बहिष्कार घालतात. तहसीलदार धावत येतात, आश्वासन देतात. राग रास्त आहे. पण एक ध्यानात ठेवा, इतके टक्के मतदान झालेच पाहिजे अशी अट आपल्या कायद्यात नाही. हजार मतदारांच्या केंद्रावर दहाच जणांनी बटण दाबले, तरी ती दहा मते मोजली जातात आणि निकाल लागतो. तुमचे नऊशे नव्वद जण घरी बसले, याची नोंद टक्केवारीच्या रकान्यात होते आणि तिथेच संपते. उलट पुढारी मनात म्हणतो, या गावात मतेच नाहीत, मग इथे गाडी कशाला वळवा?

दुसरी गोष्ट 'नोटा'ची. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी निकाल दिला आणि 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण यंत्रावर आले. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात या बटणाला २७,५०० मते पडली आणि नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर राहिला. विजयी उमेदवाराला मात्र १ लाख ३५ हजारांवर मते होती. लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मते पडली, तरी उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो. तरीसुद्धा घरी बसण्यापेक्षा हे बरे. घरी बसलेला माणूस आळशी होता, परगावी होता की रागावला होता, हे कुणाला कळत नाही. नोटाचा राग निदान आकड्यात छापून येतो.

तिसरी गोष्ट आपल्या अंगणातली. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर आणि खोंडामळीची ४२ लाखांवर गेल्याच्या बातम्या होत्या. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. गावाने एकोप्याने बसून चांगला माणूस बिनविरोध निवडला तर आनंदच आहे. पण बोली लावून बिनविरोध, म्हणजे गरिबाच्या उमेदवारीलाच कुलूप. आणि जो पैसे ओतून खुर्चीवर बसला, तो ते कुठून वसूल करणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

"माझ्या एका मतानं काय फरक पडतोय?" असे म्हणणाऱ्यांनी २०२४ ची भंडारा जिल्ह्यातील साकोली विधानसभेची जागा आठवावी. फरक होता फक्त २०८ मतांचा. म्हणजे मोठ्या गावातली एक आळी! ग्रामपंचायतीला तर पाच-दहा मतांवर वॉर्ड जातो आणि समान मते पडली तर चिठ्ठी काढावी लागते.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, चार कामे करा. यादीत नाव आहे का, ते आजच पाहा. लग्न होऊन आलेल्या सुनेचे आणि अठरा पूर्ण झालेल्या पोराचे नाव आधी तपासा. मतदान ओळखपत्र हरवले असेल, तर आधार कार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड, फोटो असलेले बँकेचे पासबुक यांपैकी एक चालते. मात्र यादीत नाव हवेच. वेळ संपताना रांगेत उभे असाल तर कुणीही तुम्हाला परत पाठवू शकत नाही. आणि आदल्या रात्री पाकीट घेऊन कुणी दारात आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. लाच देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याने गुन्हेगार आहेत.

तलाठी, ग्रामसेवक (पदांची नावे बदलली, कामे तीच) आणि केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांनाही दोन शब्द. ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर गेलेल्यांची घरे बंद दिसली, म्हणून त्यांची नावे परस्पर कमी होऊ देऊ नका. ती माणसे गाव सोडून गेलेली नाहीत, पोटासाठी बाहेर आहेत. गावाने बहिष्काराचा अर्ज दिला, तर तो फायलीत न ठेवता निवडणुकीआधीच वर पाठवा.

शेवटी एवढेच, बटण दाबले म्हणजे काम संपले नाही. वर्षाला किमान चार ग्रामसभा कायद्याने घ्याव्याच लागतात. तिथे किती जण जातो आपण? पेरणी करून शेताकडे पाठ फिरवली तर तणच माजते. मत म्हणजे पेरणी आहे. ती चुकवू नका, आणि नंतरची खुरपणीही विसरू नका.