गल्लीची उधारी

अहेरी-भामरागडकडच्या आठवडी बाजारात आता ढगळ टी-शर्ट आणि उलटी टोपी घातलेली पोरे दिसतात. वडीलधारी मंडळी नाके मुरडतात. बँकेत हयात गेलेल्या मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो: या खात्यात जमा कोणाच्या नावे?

हा पोशाख हिप-हॉप गाण्याबरोबर न्यूयॉर्कच्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतून आला. तिथे हार्लेम भागात डॅपर डॅन नावाच्या शिंप्याने १९८२ साली दुकान थाटले. बड्या कंपन्यांची चिन्हे परवानगीविना वापरून तो रॅप गायकांचे कपडे शिवायचा. कंपन्यांच्या कोर्टकज्ज्यांपायी १९९२ साली दुकान बंद पडले. पुढे २०१७ साली गुच्ची कंपनीने त्याच्याच जुन्या जाकिटासारखे जाकीट बाजारात आणले. ओरड झाली, तेव्हा कुठे करार झाला आणि २०१८ साली हार्लेममध्ये त्याचे दुकान पुन्हा उघडले. उधारी फिटली, पण पंचवीस वर्षांनी!

आपल्याकडे रेला नाचणाऱ्या माडिया-गोंड मुलींच्या गळ्यातल्या मणीमाळा उद्या शहरातल्या काचेच्या दुकानांत झळकल्या, तर आनंदच आहे. मात्र माळ ओवणारीचे नाव आणि दाम आधी ठरावे. पोरांच्या टोपीवर रागावण्यापेक्षा हा हिशेब मागणे अधिक गरजेचे, नाही का?